लेकीच्या शिबिराआधी तुमचं एक तिकीट काढा

ताई, आम्ही मूळचे अमळनेरचे. यजमानांना अंबडच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी नाशकात आलो, पाथर्डी फाट्याला राहतो. मुलगी अकरा वर्षांची आहे. फार अबोल आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. यंदा उन्हाळ्यात तिला एखाद्या नाट्यशिबिरात घालावं म्हणते, म्हणजे जरा धीट होईल. पण इतक्या जाहिराती येतात, कुठलं चांगलं कसं ओळखायचं? सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, आमच्याकडेच असतात. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. नाटकाचा विषय काढला की म्हणतात, घरात टीव्ही असताना पैसे कशाला घालवायचे? रात्री नातीला गोष्ट सांगताना मात्र अहिराणीत अशा नकला करतात की पोरगी पोट धरून हसते. यजमानांची शिफ्ट असते, त्यामुळे त्यांचा काही नेम नाही. मी कॉलेजात दोन एकांकिका केल्या होत्या, एकीत बक्षीसही मिळालं होतं. ते असो. आता होळीपासून पुढे नाशकात बघण्यासारखं, शिकण्यासारखं काय असतं? आणि मुलीला कुठे घालू?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलीबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, सासूबाईंची अडचण मांडलीत, यजमानांच्या शिफ्टचाही हिशेब दिलात. स्वतःबद्दल मात्र जेमतेम एक ओळ, आणि तिच्या मागोमाग ‘ते असो’. माझं उत्तर मी त्या ‘ते असो’पासून सुरू करणार आहे, कारण मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथेच सापडतंय.

मी वीसेक वर्षं इथल्या हौशी नाटकांत काम केलं. त्यातली बहुतेक वर्षं विंगेत, हातात संहिता आणि छोटी बॅटरी घेऊन, प्रॉम्प्टिंगला. कॉलेजात नाटक केलेली आणि लग्नानंतर ते गुंडाळून ठेवलेली बाई मी लांबून ओळखते. प्रयोग संपल्यावर सगळे बाहेर पडतात आणि ती पडद्याकडे बघत जरा उशिरा उठते. तुम्ही नाशकात दोन वर्षं आहात आणि पत्रात एकाही प्रयोगाचा उल्लेख नाही. म्हणजे अजून तुम्ही इथे नाटक पाहिलेलंच नाही, असं मी धरून चालते. तेव्हा पहिलं काम हे: येत्या दोन आठवड्यांत एक तिकीट काढायचं, स्वतःचं. शिबिराचं नंतर बघू. आईला आवडतंय म्हणून मूल नाटकाकडे बघायला लागतं हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. आईने ‘तू धीट हो’ म्हणून पाठवलं की त्याला पहिल्याच दिवशी कळतं की आपल्यातलं काहीतरी दुरुस्त करायला आपल्याला इथे आणलं आहे.

नाशकात नाटक बघायचं म्हणजे मुख्यतः दोन जागा. शालिमारजवळचं महाकवी कालिदास कलामंदिर हे महापालिकेचं मोठं नाट्यगृह. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात ती इथे, आणि बहुधा शनिवार-रविवारी. २०१८ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं. त्याच आवारात महात्मा फुले कलादालन आहे. तिथे चित्रांची, छायाचित्रांची प्रदर्शनं लागतात. प्रयोगाला अर्धा तास आधी गेलात तर आत एक चक्कर मारून या. दुसरी जागा टिळक पथावरचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह. नाशिककर त्याला नुसतं ‘पसा’ म्हणतात. ते सार्वजनिक वाचनालयाचं, आणि वाचनालय १८४० सालचं. हौशी मंडळींचा जीव या पसात अडकलेला असतो. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हिवाळ्यात भरते तेव्हा इथे रोज संध्याकाळी नवं नाटक असतं, तिकीट अगदी नाममात्र. यंदाची ती फेरी होऊन गेली आहे, पण पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरसाठी आत्ताच मनात ठेवा. याशिवाय गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक आणि शंकराचार्य संकुलातलं कुर्तकोटी सभागृह इथे वाचनं, मैफली, छोटे प्रयोग होत असतात.

आपल्या गावाने मराठी नाटकाला काय दिलं आहे हे नव्याने आलेल्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. कुसुमाग्रजांनी आणि वसंत कानेटकरांनी आपली बरीच नाटकं या गावात राहून लिहिली. कानेटकर तर एचपीटी कॉलेजात शिकवत. म्हणजे वर्गात तास घ्यायचे, घरी जाऊन नाटक लिहायचं, आणि ते मुंबईच्या रंगमंचावर गाजायचं. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. हे मी लिहिते आहे तेव्हा माघ सरत आलाय, म्हणजे तो दिवस अगदी तोंडावर आहे. त्या सुमारास शहरभर काव्यवाचन, अभिवाचन, नाट्यप्रवेश असं काही ना काही चालू असतं, आणि त्यातल्या पुष्कळ कार्यक्रमांना तिकीटच नसतं. तुमची सुरुवात तिथून होऊ शकते. वर्तमानपत्राचं नाशिकचं पान रोज सकाळी उघडा. ‘आज नाशकात’ छापाच्या चौकटीत जे मिळतं ते मोबाइलवर शोधून मिळत नाही.

आता सासूबाई. जी बाई नातीला हसवण्यासाठी अंधारात नकला करते तिला नाटकाचं वावडं असेल, हे मला पटत नाही. मला वाटतं, त्यांना कानाची भीती आहे. तीन तास अंधारात बसायचं, सगळे हसणार, आपल्याला कळणार नाही, मग सुनेला विचारायचं, मागचा माणूस ‘श्शू’ करणार. हे कोणी तोंडाने सांगत नाही. पैसे कशाला घालवायचे, असंच म्हणतात. तेव्हा त्यांच्याशी पैशांवर वाद घालू नका, खुर्चीची नीट सोय करा. बाल्कनी स्वस्त पडते, पण त्यांच्यासाठी ती घेऊ नका. जिना चढावा लागतो आणि नटांचे चेहरे दिसत नाहीत. कमी ऐकू येणारा माणूस अर्धं ओठांवरून आणि चेहऱ्यावरून ऐकतो. खाली चौथी ते सातवी रांग बघा. अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाच्या मागच्या भागातलं दिसत नाही. उजवा कान मंद असेल तर रंगमंचाकडे तोंड करून उजव्या टोकाची खुर्ची घ्या, म्हणजे चांगला कान नाटकाकडे राहतो. डावा असेल तर डाव्या टोकाची. टोकाची असली की मध्येच उठायलाही संकोच वाटत नाही. आणि जाण्याआधी घरी नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगून ठेवा. कोण कोणाचा कोण हे ठाऊक असलं की निम्मे संवाद हुकले तरी नाटक हातचं जात नाही. आमच्या घरी आईसाठी आम्ही शेवटची सहा-सात वर्षं असंच करत होतो. ती शेजारणीला सांगायची की तिला सगळं ऐकू आलं, आणि ते खरंच होतं.

तरीही पहिल्या फटक्याला त्यांना नाट्यगृहात नेऊ नका. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीला दुपारनंतर, त्यांना आणि लेकीला घेऊन जुन्या नाशकात या. त्या दिवशी इथे वीर निघतात. घराघरातले वीरांचे टाक, म्हणजे पूर्वजांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा, खोबऱ्याच्या वाटीत ठेवून वाजतगाजत रामकुंडावर नेतात, गोदावरीत स्नान घालतात, नाचवत परत आणतात. लहान पोरं त्या दिवशी राम होतात, कृष्ण होतात, शंकर होतात, खंडोबा होतात. कोणाच्या आजीने घरच्या शालूचं पितांबर केलेलं असतं, कोणाचा मुकुट पुठ्ठ्याचा असतो, आणि चार वर्षांचा शंकर रडवेला होऊन वडिलांच्या खांद्यावर बसलेला असतो. या सगळ्यांत मानाचा दाजिबा वीर, नवरदेवाच्या वेशात, डोक्याला बाशिंग. त्याच्या वाटेवर दारोदार औक्षण होतं. मी लहानपणापासून ही मिरवणूक बघते आहे आणि वेशभूषा म्हणजे काय हे मला आधी तिथे कळलं. अंगावर वेगळं वस्त्र चढलं की चालणं बदलतं, मान बदलते, बघणाऱ्यांचे हात आपोआप जोडले जातात. तुमच्या अबोल मुलीला ते बघू द्या. तिला काही विचारू नका, ‘तू होशील का असं?’ तर अजिबात नको. नुसतं बघू द्या. गर्दी असते, तेव्हा सासूबाईंना रामकुंडाच्या बाजूला न नेता एखाद्या ओळखीच्या ओट्यावर बसवा. तुमच्या कॉलनीत जुन्या नाशकातलं माहेर असलेली एखादी तरी बाई सापडेलच.

त्यानंतर रंगपंचमी. बाकी पुष्कळ गावं धुळवडीला रंग खेळतात, आपण पाचव्या दिवशी. शनी चौक, तिवंधा चौक, तांबट लेन इथे जमिनीखालच्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो आणि त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारायला रांग लागते. नाटकाशी त्याचा संबंध नाही, पण यजमानांना सुट्टी असेल तर तो दिवस त्यांचा. पाडव्याच्या आधी गोदाघाटावर महारांगोळी आणि ढोलांचं महावादन होतं. रांगोळीत हात घालायला मिळाला तर तुम्हीच जा. एका रांगेत शंभर बायका वाकून रंग भरत असतात, अनोळखी गावात ओळखी व्हायला याहून सोपी जागा नाही. २७ मार्च हा जागतिक रंगभूमी दिन, १९६२ पासून पाळला जातो. त्या आठवड्यात हौशी संस्था बरेचदा एकांकिका किंवा अभिवाचन ठेवतात. तिथे जमलेलं तर जा आणि संपल्यावर लगेच निघू नका. हे का सांगते ते शेवटी येईल.

चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि तमाशाचे फड उभे राहतात. तुम्ही खान्देशातल्या, सासूबाईंना हे मी सांगायला नको. गण, गवळण, बतावणी, मग रात्र चढत गेली की वग. त्यांना एकदा विचाराच, लहानपणी गावच्या जत्रेत काय काय पाहिलं, कुठे बसून पाहिलं, सोंगाड्या काय बोलायचा. मला जवळजवळ खात्री आहे की त्या अहिराणी नकलांचा उगम तिथेच कुठेतरी आहे. बतावणीतले दोन गडी एकमेकांची उडवतात ना, ती लय अंगात मुरलेली असल्याशिवाय अंधारात, नुसत्या आवाजाने, अकरा वर्षांच्या मुलीला पोट धरून हसवणं जमत नाही. अशा वेळी लेकीला जवळ बसू द्या आणि तुम्ही मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे, कारण शहरातल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूलकडच्या आदिवासी गावांमध्ये वसंतात बोहाडा होतो. देवदेवतांचे, राक्षसांचे, प्राण्यांचे मोठे रंगवलेले मुखवटे घालून गावकरी रात्रभर सोंगं नाचवतात. गणपती येतो, सारजा म्हणजे सरस्वती येते, आग्यावेताळ येतो. सनई आणि संबळ वाजत असतात आणि सोंग बदललं की वाजवण्याची चाल बदलते. समोर रंगमंच नसतो. दोन्हीकडे माणसं दाटून बसलेली आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून सोंग नाचत येतं, परत जातं. कित्येक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराकडे पिढ्यान्‌पिढ्या असतं, मुखवट्याची पूजा होते, तो उगीच कोणी डोक्यावर चढवत नाही. मी पहिल्यांदा बोहाडा पाहिला तेव्हा नाटकात दहा वर्षं काढलेली होती, आणि पहाटे परतताना गाडीत कोणीच बोलत नव्हतं. मुखवट्याखाली त्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्याला एक शब्दही बोलायचा नसतो, तरी राक्षस कधी थकला आणि देवी कधी खवळली हे शेवटच्या माणसापर्यंत पोचतं. नुसत्या पावलांनी आणि मानेने.

प्रत्येक गावाची तिथी वेगळी असते, त्यामुळे तिकडच्या माणसाला विचारूनच जावं लागतं. यजमानांच्या कंपनीत पेठ-सुरगाण्याकडचे कामगार असतील, त्यांना विचारायला सांगा. कोणाच्या तरी घरचे पाहुणे म्हणून जा. रात्री गारवा असतो, चादर न्या. सोंगं सजतात त्या जागेत विचारल्याशिवाय फोटो काढू नका. एवढ्या रात्रीच्या प्रवासात सासूबाईंना नेऊ नका, पण मुलीला जरूर न्या. तिला झोप लागली तर लागू द्या, संबळ वाजला की जाग येते.

हे इतकं लांबवलं त्याला कारण आहे. तुम्ही विचारलंत मुलीला कुठे घालू. माझं मत असं की पहिल्या वर्षी तिला अभिनयाच्या शिबिरात घालूच नये. तिला मुखवटे करण्याच्या, बाहुल्या करण्याच्या किंवा मातीकामाच्या कार्यशाळेत घाला. अबोल मुलाला उजेडात उभं करून ‘मोठ्याने नाव सांग’ म्हटलं की ते आणखी मिटतं. त्याच मुलाच्या हातात बाहुली द्या, बाहुली बोलायला लागते. मुखवटा द्या, त्यामागचं मूल हात पसरून चालतं. आमच्या एका बालनाट्यात एक मुलगी होती, तालमीत तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही यायचा नाही. वाघाचा मुखवटा तिने स्वतः केला आणि तो घालून अशी गुरगुरली की पुढे बसलेलं पोर आईच्या मांडीवर चढलं. पुढच्या वर्षी ती बिनमुखवट्याची उभी राहिली.

आणि हे शिकायला शिबिर लागतंच असंही नाही. होळीनंतरच्या एखाद्या रविवारी घरीच करून बघा. फुगा फुगवा किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर तेलाचा हात फिरवा. रद्दी वर्तमानपत्राच्या पट्ट्या हातानेच फाडा, कात्रीने कापू नका, फाटलेल्या कडा एकमेकींत चांगल्या मिसळतात. मैद्याची खळ पातळ शिजवून गार करा, त्यात थोडा फेव्हिकॉल घाला. पट्ट्या खळीत बुडवून एक थर आडवा, एक उभा, असे पाच-सहा थर द्या. मधल्या थरांत कागदाच्या लगद्याने नाक, भुवया, गाल उचला. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळतं. मग पांढऱ्या रंगाचा एक हात आणि त्यावर रंगकाम. सासूबाईंना शेजारी बसवा. सोंगाड्याचा चेहरा कसा होता, हे त्या सांगतील आणि नात करील. माती हवी असेल तर जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यात एक फेरी मारा. चाक फिरताना बघणं हेही शिकणंच आहे.

शिबिरातच घालायचं ठरवलंत तर एप्रिल-मे महिन्यांत शहरात बरीच निघतात. मी नावं सांगत नाही. दरवर्षी माणसं बदलतात, आणि शिबिर म्हणजे शेवटी ते घेणारी दोन-तीन माणसं. त्यांना भेटा आणि प्रश्न विचारा. एका गटात मुलं किती? वीस-पंचवीसच्या वर असतील तर तुमच्या मुलीकडे दहा दिवसांत कोणाचं लक्षही जाणार नाही. पहिल्या दिवशी काय करता? ‘खेळ’ हे उत्तर आलं तर बरं, ‘पाठांतर’ आलं तर परत फिरा. चांगल्या शिबिरात आधी श्वास, आवाज, आरशासमोर असल्यासारखं एकमेकांची नक्कल करणं, एक काठी घेऊन तिची दहा वेगळी रूपं करून दाखवणं, असले खेळ चालतात. संवाद फार पुढे येतात. एखादं मूल दोन दिवस नुसतं बसून बघणार असेल तर चालेल का, हेही विचारा. या प्रश्नाला उत्तर देताना समोरच्याचा चेहरा नीट बघा, माझा निर्णय बहुतेक वेळा तिथेच होतो. आणि शेवटच्या दिवशी सादरीकरण आहे का? त्यात मुलांची वाटणी कशी करता? माझ्या धाकट्याला मी एका शिबिरात घातलं होतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमाची तयारी. चार धीट मुलांना संवाद दिले आणि उरलेल्या तिसांना झाडं केलं. दहा दिवस तो हात वर करून उभा राहिला. घरी येऊन म्हणाला, आई, माझे हात दुखतात. त्यानंतर सात-आठ वर्षं त्याने नाटकाचं नाव काढलं नाही, आणि त्याला तिथे घालणारी मी होते हे मला अजून लागतं. झाड होण्यात कमीपणा नाही, पण झाडालाही काय दिसतं, काय वाटतं, हे कोणीतरी त्याला विचारायला हवं होतं. पालकांना रोज आत बसू देतात का हे मात्र विचारू नका. देत असले तरी बसू नका. तुमचे डोळे तिच्यावर असतील तोवर ती तुमच्यासाठीच करील.

मे महिना येईल तेव्हा गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला सुरू असेल. यशवंतराव महाराज पटांगणावर, उघड्यावर, रोज संध्याकाळी, तिकीट नाही. दिवसभराच्या उन्हानंतर नदीवरून वारा येतो, ध्वनिक्षेपकाचा आवाज मोठा असतो, मध्येच उठून गेलं तर कोणी काही म्हणत नाही. सासूबाईंना हे आवडेल. कानाचीही तिथे अडचण येणार नाही, ध्वनिक्षेपकाच्या जवळची जागा धरा म्हणजे झालं.

आता तुमचं ‘ते असो’. हौशी संस्थांचं वर्ष कसं चालतं हे माहीत असलं तर आत शिरणं सोपं जातं. नोव्हेंबरात स्पर्धा, त्यामुळे पावसाळ्यात संहिता पक्की होते, पात्रं ठरतात आणि तालमी लागतात. एकदा तालीम लागली की नवीन माणसाकडे बघायला कोणाला सवड नसते. वसंतात मात्र मंडळी मोकळी असतात. संहिता शोधत असतात, वाचनं ठेवतात, चहाला थांबतात. म्हणून २७ मार्चच्या कार्यक्रमानंतर लगेच निघू नका, असं मी वर म्हटलं. थांबा, ज्याने दिग्दर्शन केलं त्याला किंवा तिला भेटा, आणि भूमिका मागू नका. म्हणा, मला पुढच्या वाचनाला यायचं आहे, प्रॉम्प्टिंग करीन, कपडे सांभाळीन. वेळेवर येणारं आणि शेवटपर्यंत टिकणारं माणूस प्रत्येक संस्थेला हवं असतं. आणि चाळिशीच्या आसपासची, आवाज असलेली बाई तर सतत हवी असते. आई, काकू, वकील, मुख्याध्यापिका या भूमिकांसाठी दरवर्षी विशीतल्या मुलींच्या केसांना पांढरा रंग लावून वेळ निभावली जाते, हे मी विंगेतून पाहिलं आहे.

तालमी रात्री असतात, हे खरं. आठ ते अकरा. घरी काय होईल, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. पहिल्या वर्षी आठवड्याला दोन दिवस, एवढंच ठरवा आणि ते घरात आधी सांगा, नंतर कळवू नका. यजमानांची शिफ्ट ज्या आठवड्यात रात्रीची असेल तो आठवडा सोडा. परतीची रिक्षा किंवा सोबत आधी ठरवून ठेवा, रात्रीची बस धरून चालू नका. पाथर्डी फाट्याकडे जाणारं कोणीतरी प्रत्येक ग्रूपमध्ये असतंच.

तेही आत्ता जमणार नसेल तर कॉलनीतल्या चार-पाच बायका गोळा करून घरी अभिवाचन करा. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या, तिथे नाटकांची पुस्तकं मिळतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाचीही चौकशी करा. पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे येते, त्यात नाटकं मिळतील का हे विचारून बघा. घरात बसून वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. जाहीर प्रयोग करायची वेळ आली की लेखकाची परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र दोन्ही लागतात, हे लक्षात ठेवा. त्याची घाई नाही. वाचताना एक नियम मात्र पाळा: एकीने सगळी पात्रं वाचायची नाहीत, आणि जिला वाचताना अडखळायला होतं तिलाही पानभर द्यायचंच. लेक त्याच खोलीत मुखवट्याला रंग देत बसली तर बसू द्या.

सासूबाईंचा आवाज मुद्रित करायला सांगितला होता, त्याचा उपयोग इथे आहे. त्यातली एखादी नक्कल उतरवून काढा, दोन माणसांच्या संवादात. अहिराणीतच. तुम्ही एक व्हा, त्या दुसऱ्या होतील, आणि उन्हाळ्याच्या एखाद्या रात्री गच्चीवर चार शेजाऱ्यांपुढे वाचा. कुठे थांबायचं, कोणत्या शब्दावर हशा येतो, हे त्यांना विचारून घ्या. बक्षीस मिळालेली एकांकिका कोणती होती हे तुम्ही लिहिलं नाहीत. पुढच्या पत्रात तेवढं कळवा, आणि तुम्ही कोणती भूमिका केली होती तेही.

तुमची ताई